घराण्याचा शोध आणि जुन्या कागदांतील शब्द

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे गाव लागते. तसेच पुढे गेले की जिंतूर येते आणि जिंतूरजवळच्या डोंगरात नेमगिरीची गुहामंदिरे. तेथे दर्शनाला आलेल्या श्रावकांत ‘आमचे मूळ घर याच बाजूचे’ असे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. आजोबा बोरी सोडून व्यापारासाठी परभणीला गेले, वडील औरंगाबादला आणि मुले पुण्याला अथवा परदेशी. घरात एक पत्र्याची पेटी तेवढी उरलेली असते. तिच्यात पिवळे पडलेले खत, जिल्द सुटलेली वही, उर्दूतील एखादा शिक्क्याचा कागद, सातबाराचा उतारा आणि देव्हाऱ्यातील धातूच्या लहान मूर्तीच्या मागे कोरलेल्या दोन ओळी एवढा ऐवज असतो.

या पेटीपासून घराण्याचा शोध सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. कागद नसतात म्हणून नव्हे. कागदांतील शब्द कळत नाहीत म्हणून. त्याहून वाईट म्हणजे ते कळले असे वाटते आणि अर्थ मात्र भलताच घेतला जातो. मग काकांची गणना आजोबांत होते, गुरूला पिता केले जाते आणि घरातील एखादी स्त्री वंशावळीतून कायमची नाहीशी होते. अशा नेहमी भेटणाऱ्या, नेहमी फसवणाऱ्या काही शब्दांचा परिचय वाचक बंधु-भगिनींना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक पेटी, अनेक दफ्तरे

बोरीच्या कागदांत इतक्या भाषा का, हे आधी समजून घेतले पाहिजे. मोगल काळात परभणीचा परिसर वऱ्हाड सुभ्यातील पाथरी सरकारात मोडत असे. पुढे तो निजामाच्या राज्यात आला आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. संस्थानाचा कारभार प्रथम फारसीत चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरचे लिखाण मात्र मोडी मराठीत होत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तेव्हा कारभाराची भाषा आणि नमुने पुन्हा बदलले. व्यापारी घराच्या वह्या मारवाडी किंवा गुजराती वळणाच्या, तर मंदिरातील मूर्तींवरचे लेख मोडक्या संस्कृतात. म्हणजे एकाच घराण्याचे नाव पाच ठिकाणी पाच रीतींनी लिहिले गेले.

म्हणून पहिला नियम असा की, कागदावरचे नाव वाचण्याआधी कागद कोणी आणि कशासाठी लिहिला, हे विचारावे. महसूल दफ्तराला सारा कोण भरणार एवढेच हवे होते, सावकाराला पैसे कोण देणार एवढेच. मूर्तिलेखाला पुण्य कोणाचे, हे सांगायचे होते. आपली वंशावळ लिहून ठेवणे हा यांपैकी कोणाचाही उद्देश नव्हता. ती आपल्याला या शब्दांच्या फटींतून शोधावी लागते.

गाव कोणते?

‘बोरी’ एवढेच लिहिलेला कागद फारसा उपयोगी पडत नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात बोरी आहे, यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब आहे, गोव्यात फोंड्याजवळही बोरी आहे. परंपरेने सांगितलेले ‘आम्ही मूळचे बोरीचे’ हे वाक्य तालुक्यासह नोंदवले नाही, तर पुढच्या पिढीने भलत्याच गावी चौकशी केल्यास नवल नाही. तालुका लिहितानाही सावध असावे, कारण जिल्ह्यांच्या सीमा बदलतात. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूरचा भाग परभणीतून तिकडे गेला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला. जुना कागद ‘जिल्हा परभणी’ म्हणतो, तेव्हा ते गाव आज परभणीत असेलच असे नाही.

जुन्या कागदात गावामागे ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ हा शब्द असतो. मौजे म्हणजे साधे खेडे, कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य, बाजाराचे गाव. ‘पेठ’ म्हणजे व्यापाऱ्यांची वसाहत. ‘सरकार पाथरी’ असे दिसल्यास तेथे शासन असा अर्थ नाही. अनेक परगण्यांचा मिळून होणारा तो जुना विभाग होता. ‘साकीन’ म्हणजे राहणारा. मोडी कागदात त्याचा ‘सा.’ एवढाच संक्षेप असतो. परंतु मूर्तिलेखात नावापूर्वी येणारे ‘सा.’ हे ‘साह’ या आदरार्थी उपाधीचे रूप असते. एकाच अक्षराचा अर्थ एका कागदात गाव सांगतो, दुसऱ्यात प्रतिष्ठा.

गाव दिवाणी होते, जहागिरीचे होते की निजामाच्या खाजगी मालकीचे, म्हणजे ‘सर्फ-ए-खास’चे, हेही पाहावे. जहागिरीच्या गावचा महसुली कारभार जहागीरदाराच्या माणसांकडे असे. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या, त्यापूर्वीचे अशा गावांचे कागद निराळ्या ठिकाणी शोधावे लागतात.

नात्याचे शब्द

सर्वांत अधिक चुका येथे होतात. ‘वल्द’ म्हणजे मुलगा. ‘अमुक वल्द तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. ‘बिन’चाही तोच अर्थ. मराठवाड्यातील देवनागरी नोंदींत यांच्याऐवजी ‘पि.’ हे अक्षर दिसते. ते ‘पिता’चे संक्षिप्त रूप आहे. येथवर सोपे आहे. परंतु उर्दू कागदात ‘लावल्द’ असा शब्द आला, तर तो ‘ला’ नावाच्या कोणाचा पुत्र नव्हे. लावल्द म्हणजे निःसंतान. त्या शाखेचा विस्तार पुढे शोधण्यात अर्थ नसतो; उलट तिची मालमत्ता कोणाकडे गेली, दत्तक घेतला होता काय, हे शोधण्यात अर्थ असतो. दत्तकासाठी उर्दूत ‘मुतबन्ना’ हा शब्द येतो. तो लक्षात न घेतल्यास एकच माणूस दोन बापांचा दिसतो आणि आपण त्याला दोन निरनिराळी माणसे समजतो.

स्त्रियांच्या बाबतीत ‘भ्र.’ हे अक्षर येते. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, अर्थात पती. ‘गंगाबाई भ्र. माणिकचंद’ असे उदाहरणादाखल घेतले, तर गंगाबाई ही माणिकचंदांची पत्नी. कन्या किंवा भगिनी नव्हे. उर्दू वळणाच्या कागदात पत्नीसाठी ‘जौजे’ आणि विधवेसाठी ‘बेवा’ हे शब्द येतात. आता सर्वांत फसवा शब्द ‘कोम’. जुन्या मराठी कागदात ‘गंगाबाई कोम माणिकचंद’ म्हणजे माणिकचंदांची पत्नी गंगाबाई. परंतु उर्दू कागदातील ‘कौम’ म्हणजे जात किंवा समाज. उच्चार जवळजवळ सारखा, मूळही एकच, मात्र एका कागदात त्यापुढे नवऱ्याचे नाव येते आणि दुसऱ्यात समाजाचे. उर्दू कागदाचे मराठी लिप्यंतर करून घेताना लिहिणाऱ्याला हा भेद माहीत नसेल, तर समाजाचे नाव नवऱ्याच्या जागी जाऊन बसते.

नंतरच्या काळातील फेरफार आणि सातबारा यांत ‘अ.पा.क.’ ही अक्षरे वाचून ते आडनाव असावे अशी समजूत होते. ती ‘अज्ञान पालनकर्ता’ याची आद्याक्षरे आहेत. अज्ञान म्हणजे कायद्याने अल्पवयीन. ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद दिसली, की त्या वर्षी मूल लहान होते, वडील हयात नव्हते असा संभव मोठा आणि घर आईने सांभाळले, एवढी हकिकत तीन अक्षरांतून कळते. तसेच ‘ए.कु.क.’ किंवा ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता किंवा मॅनेजर. हे अक्षर ज्याच्या नावापुढे आहे, त्याच्या मागे नावे न लिहिलेले भाऊ असण्याची शक्यता असते. जमीन त्याच्या एकट्याची होती असे समजून भावांना वंशावळीतून वगळू नये.

आडनाव, पद आणि समाज

हैदराबाद संस्थानाच्या गावगाड्यात ‘माली पटेल’ किंवा ‘माली पाटील’ हे पद होते. येथील ‘माल’ म्हणजे महसूल. गावचा सारा गोळा करणारा तो माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा तो पोलीस पाटील. माळी समाजाशी या शब्दाचा संबंध नाही. हिशोब लिहिणाऱ्याला मराठवाड्यात ‘पटवारी’ म्हणत. अशी पदे पुढे आडनावे झाली, म्हणून एकाच आडनावाची माणसे एकाच वंशाची असे मानता येत नाही. ‘महाजन’ आणि ‘शेटे’ हीही मूळची पेठेतील वतनाची नावे. ती अनेक समाजांत आढळतात.

आपल्या समाजातील ‘संघवी’, ‘संघई’, ‘संगई’ ही आडनावे ‘संघपती’ या पदवीवरून आली. तीर्थयात्रेचा संघ स्वखर्चाने नेणाऱ्या श्रावकास ही पदवी मिळे. ती दिगंबरांत आहे, श्वेतांबरांत आहे, निरनिराळ्या ज्ञातींत आहे. तेव्हा दोन संघवी घराणी ही भाऊबंद असतीलच असे नाही. दोघांच्या पूर्वजांनी यात्रा घडवली होती, एवढे मात्र म्हणता येते.

खंडेलवाल समाजात कासलीवाल, पाटणी, सेठी, गंगवाल, पहाडे, पापडीवाल अशी गोत्रेच आडनाव म्हणून वापरली जातात आणि त्यांतील पुष्कळ राजस्थानातील गावांवरून पडलेली आहेत. परंपरेने त्यांची संख्या ८४ सांगतात. याउलट मराठी मुलखात दीर्घकाळ स्थिरावलेल्या घराण्यांत गावाला ‘कर’ जोडून आडनाव होते आणि कुटुंबाने गाव बदलले की तेही बदलू शकते. म्हणून पहिल्या प्रकारात आडनाव कायम राहते आणि गाव बदलते. दुसऱ्या प्रकारात दोन सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावे निराळी असू शकतात. हुमड समाजातील ‘दसा’ आणि ‘विसा’ हे आडनाव नसून ज्ञातीचे भेद आहेत.

शाळेच्या जुन्या नोंदवहीत किंवा उर्दू कागदात ‘कौम’ या शब्दापुढे ‘जैन’ऐवजी ‘वाणी’ किंवा ‘मारवाडी’ असेही आढळते. एक शब्द व्यवसाय सांगतो, दुसरा प्रदेश. लिहिणाऱ्याने जे पाहिले ते लिहिले. पूर्वज जैन नव्हते असा निष्कर्ष त्यावरून काढू नये आणि ‘वाणी’ असा शब्द दिसला म्हणून प्रत्येक वाणी आपला, असेही समजू नये. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, तेव्हापासून अनेक घरांत जुने दाखले बाहेर निघू लागले आहेत. म्हणून हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक झाले आहे.

मूर्तिलेख आणि पोथीची पुष्पिका

इतर समाजांना सहसा न लाभलेले एक साधन आपल्याकडे आहे. ते म्हणजे मूर्तीच्या पादपीठावरचा किंवा पाठीवरचा लेख. त्याची रचना ठरलेली असते. आरंभी संवत किंवा शक, मग तिथी. नंतर संघ, गण, गच्छ, अन्वय. मग भट्टारकांची नावे. शेवटी ज्ञाती, गोत्र आणि मूर्ती घडवणाऱ्या श्रावकाचे कुटुंब. आणि समाप्तीला ‘नित्यं प्रणमति’, म्हणजे ‘नित्य वंदन करतो’.

दिगंबर मूर्तींवर ‘मूलसंघ, सरस्वतीगच्छ, बलात्कारगण, कुंदकुंदाचार्यान्वय’ ही मालिका वारंवार येते. ही साधूंची परंपरा आहे. श्रावकाचे गोत्र नव्हे. ‘अन्वय’ म्हणजे वंश हे खरे, परंतु येथे तो गुरुवंश आहे. तोच शब्द पुढे ‘खंडेलवालान्वये’ असा आला, तर मात्र तो श्रावकाच्या ज्ञातीविषयी आहे. ‘तत्पट्टे’ हा शब्दही असाच फसवतो. ‘त्यांच्या पट्टावर’ म्हणजे त्यांच्यानंतर गादीवर आलेले शिष्य. एकापुढे एक चार भट्टारकांची नावे वाचून ती पिता-पुत्रांची चार पिढ्यांची साखळी समजली जाते. खरी पिढ्यांची साखळी लेखाच्या शेवटी ‘भार्या’, ‘पुत्र’, ‘सुत’, ‘भ्राता’ या शब्दांनी जोडलेली असते. आरंभीचे ‘सं.’ हे संवताचे आणि नावामागचे ‘सं.’ हे संघवीचे. श्वेतांबर धातुप्रतिमांवर ‘कारितं’ म्हणजे घडवून घेतली, ते श्रावकाचे कार्य. आणि ‘प्रतिष्ठितं’ हे सूरींचे.

लेखातील नाव आपल्या गावचेच असे मानण्याची घाई करू नये. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जीवराज पापडीवाल यांचे. विक्रम संवत १५४८, म्हणजे इ. स. १४९१ च्या वैशाख शुद्ध तृतीयेला, भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते मुडासा नगरी या श्रेष्ठींनी फार मोठ्या संख्येने मूर्ती प्रतिष्ठित करवल्या आणि त्या देशभरच्या मंदिरांत पोहोचल्या. आजही गावोगावच्या जिनमंदिरांत त्या सालाच्या मूर्ती आढळतात. आपल्या गावच्या मंदिरात असा लेख सापडला, तर त्यावरून ते मंदिर १४९१ चे ठरत नाही आणि पापडीवाल आडनावाच्या प्रत्येक घराचे ते साक्षात पूर्वजही ठरत नाहीत. मूर्ती प्रवास करते. बाळगलेली, दान आलेली, दुसऱ्या गावचे मंदिर ओस पडल्यावर हलवलेली अशी ती असू शकते.

भट्टारकाचे नाव स्पष्ट असेल, परंतु साल झिजले असेल, तर विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ उपयोगी पडतो. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने तो १९५८ मध्ये प्रकाशित केला. त्यात कारंजा, लातूर यांसह निरनिराळ्या पीठांचे भट्टारक कालक्रमाने दिले आहेत. त्यावरून लेखाचा सुमार ठरवता येतो.

ज्यांच्याकडे मूर्तिपूजा नाही, अशा स्थानकवासी घरांत हेच काम हस्तलिखित पोथीची पुष्पिका करते. पुष्पिका म्हणजे पोथीच्या शेवटचा मजकूर. त्यात ‘लिखितं’ असेल, तर तो नकल करणारा लेखक. ‘लिखापितं’ असेल, तर खर्च करून लिहवून घेणारा श्रावक. आणि ‘पठनार्थं’ म्हणजे जिच्या किंवा ज्याच्या वाचनासाठी पोथी तयार झाली ती व्यक्ती. ‘ज्ञानावरणीय कर्मक्षयार्थं’ असे असल्यास ती शास्त्रदानाची पोथी होय. ही तीन-चार नावे एकाच घरातील आहेत असे गृहीत धरू नये.

सालांचा घोटाळा

कागदावरचे साल कोणते, हे न पाहता पिढ्या मोजल्यास सारा हिशोब चुकतो. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ५६. शकात ७८ मिळवावे; वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. वीर निर्वाण संवतातून दीपावली ते डिसेंबर या काळासाठी ५२७ आणि पुढच्या महिन्यांसाठी ५२६ वजा करावे. २०२३ च्या दीपावलीला वीर संवत २५५० सुरू झाले, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

निजामाच्या दफ्तरात मात्र ‘फसली’ साल असे. हैदराबादचे फसली वर्ष साधारणतः ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी त्यात ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवावे. उदाहरणार्थ फसली १३३१ म्हणजे इ. स. १९२१-२२. परंतु तोच आकडा हिजरी असेल, तर तो १९१२-१३ चा होतो. नऊ वर्षांचे हे अंतर जन्माची नोंद मृत्यूनंतर नेऊन ठेवू शकते. महिन्याचे नाव पाहिल्यास उलगडा होतो: बहमन, खुर्दाद, आबान असे महिने असतील तर फसली, मोहरम, सफर, रजब असतील तर हिजरी.

तिथीतही एक फरक आहे. राजस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच; परंतु वद्य पक्षाचे नाव तिकडे एक महिना पुढे असते. भगवान महावीरांचे निर्वाण उत्तरेकडील ग्रंथांत कार्तिक वदि अमावास्येला आणि आपल्या पंचांगात आश्विन वद्य अमावास्येला, दिवस एकच. मारवाडातून आलेल्या घरातील जुन्या वहीत ‘चैत्र वदि’ची नोंद असेल, तर ती आपल्या फाल्गुन वद्यातील समजावी.

वहीतील माणसे

व्यापाराची वही ही केवळ हिशोबाची असते, असे समजून ती रद्दीत दिली जाते. ‘नावे’ म्हणजे येणे, ‘जमा’ म्हणजे आलेले, ‘हस्ते’ किंवा ‘ह.’ म्हणजे रक्कम प्रत्यक्ष कोणाच्या हातून आली वा गेली. हा ‘ह.’ मोलाचा असतो. तो पुष्कळदा मुलगा, जावई, मेहुणा असा घरचाच माणूस असतो आणि त्याचे नाव दुसऱ्या कोणत्याच कागदात आलेले नसते. ‘हाली’ हा शब्द आडनाव नव्हे. हैदराबादच्या रुपयाला हाली शिक्का म्हणत आणि ब्रिटिश रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. मंदिराच्या देणगीच्या यादीतील जुने आकडे या हिशोबाने वाचावेत.

श्वेतांबर व्यापारी घरांत दीपावलीच्या वहीपूजनाच्या पानावर गौतमस्वामी, शालिभद्र, कयवन्ना शेठ यांची नावे येतात. लब्धी, ऋद्धी आणि सौभाग्य लाभो अशी ती मंगलकामना आहे. ती नावे घराण्यात शोधायची नाहीत. परंतु ज्या हाताने ती लिहिली, तो हात कोणाचा, हे जरूर विचारावे.

हरवलेल्या आज्या

वरील सर्व शब्द पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. महसूल दफ्तरात स्त्रीचे नाव बहुधा पती वारल्यावर येते, तेही त्याच्या नावाच्या आधाराने. तिचे माहेर कोठेच नसते. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने माहेरचे नाव तर दुहेरी लोपते. मूर्तिलेख याला अपवाद आहेत: शेकडो वर्षांपूर्वी धातूत ‘भार्या’ म्हणून तिचे स्वतःचे नाव पतीशेजारी कोरले गेले. पुण्याच्या कामात तिचा वाटा मानला गेला, साऱ्याच्या कामात नाही.

माहेर शोधण्याची एक वाट आपल्या विवाहप्रथेतच आहे. ज्या समाजांत सोयरीक जुळवताना स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळण्याची रीत होती, तेथे घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना ही चारही गोत्रे तोंडपाठ असत. कोणत्याही दफ्तरात नसलेली माहिती अशी केवळ स्मरणात जपली गेली. सोयरिकीच्या चिठ्ठ्या, जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या याद्या यांतही ती डोकावते. पेटीतील कागद आणखी दहा वर्षे टिकतील. आजीची आठवण तितकी थांबेलच असे नाही. म्हणून पेटी उघडण्याआधी आजीजवळ बसावे.

आता काय करावे?

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या आणि मोडी व उर्दू वाचणारे किती थोडे उरले आहेत, याची जाणीव सर्वांना झाली. समाजापुरते पाहिले, तर पुढील गोष्टी प्रत्येक घराला शक्य आहेत.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि त्यानंतरचे फेरफार यांच्या नकला मागाव्यात. मराठवाड्यात जमिनीच्या शोधाचा हा पक्का पाया समजला जातो. जुना सर्व्हे क्रमांक आणि नंतरचा गट क्रमांक निरनिराळे असतात, म्हणून दोन्ही टिपून ठेवावेत. त्यापूर्वीच्या संस्थानी कारभाराचे फारसी आणि उर्दू कागद हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत.

मूर्तिलेख वाचताना मंदिराच्या विश्वस्तांची अनुमती घ्यावी आणि मर्यादा पाळावी. अक्षरे उठावदार व्हावीत म्हणून मूर्तीवर खडू, रंग किंवा रसायन कदापि लावू नये. बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घेतल्यास झिजलेली अक्षरेही दिसतात. नित्याच्या प्रक्षाळाने आणि पितळ उजळण्याने हे लेख दरवर्षी थोडे थोडे पुसट होत आहेत. पूजा थांबवायची नाही. परंतु गावच्या मंदिरातील सर्व लेखांची एकदा नक्कल करून ठेवणे हे एका चातुर्मासात होण्यासारखे काम आहे.

वाचलेला मजकूर जसाच्या तसा उतरवावा. ‘भ्र.’ असेल तर ‘भ्र.’ लिहावे, आपला अर्थ शेजारी निराळा लिहावा. शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे. दोन स्वतंत्र कागदांनी दुजोरा दिल्याखेरीज नाते पक्के मानू नये. अशा वंशावळीत रिकाम्या जागा राहतील, परंतु भरलेल्या जागी बसलेली माणसे खरी असतील.

बोरीच्या एखाद्या घरातील पेटी उघडताना एवढे भान ठेवले, तर त्या पिवळ्या कागदांतील ‘अ.पा.क. आई’ ही नोंद तीन अक्षरांपुरती राहणार नाही. लहान मुलांना घेऊन दुकान आणि शेत सांभाळणाऱ्या एका मातेचे ते एकमेव लिखित स्मारक असू शकते. तिचे नाव काय होते आणि तिचे माहेर कोणते होते, हे सांगू शकणारे कोणी घरात अजून असेल, तर आजच विचारून लिहून ठेवावे.